शेवटच्या नळाची ओटी : जत तालुक्यातल्या एका गॅस्ट्रोच्या साथीचं प्रकरण

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीजवळचं हे गाव. नाव मुद्दाम देत नाही, कारण इथं जे घडलं ते या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात घडू शकतं आणि बदनामी मात्र एकाच गावाची होते. जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, गॅस्ट्रोची साथ आली. दोनेक आठवडे चालली. कोणी दगावलं नाही. अहवाल वर गेला, फाइल बंद झाली. कारणाच्या रकान्यात ‘दूषित पाणी’ आणि ‘जनजागृतीचा अभाव’ अशी दोन कारणं होती. पहिलं खरं होतं. दुसरं नव्हतं, आणि हे सगळं लिहिण्याचं कारण ते दुसरं आहे.

आधी पाण्याचं सांगतो. जिल्ह्याच्या पश्चिमेला शिराळ्याकडे, चांदोलीच्या अंगाला, पावसाळ्यात धो धो कोसळतो. जतेत वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही धड सलग नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, देशभर बातम्या झाल्या. त्याच उन्हाळ्यात याच जिल्ह्याच्या पूर्व भागात टँकरच्या खेपा चालू होत्या. अलीकडं म्हैसाळ योजनेचं आवर्तन सुटलं की काही ओढ्यांना उन्हाळ्यातही पाणी येतं. या गावची सार्वजनिक विहीर अशाच एका ओढ्याच्या काठावर आहे. तिथून मोटारीनं पाणी उंच टाकीत चढतं आणि टाकीतून उताराच्या जोरावर गावभर जातं. गावठाण टाकीच्या पायथ्याशी. शेवटची वस्ती टाकीपासून दीडेक किलोमीटर लांब आणि किंचित चढावर. पाणी एक दिवसाआड, तेही तासभर.

पाणी सोडणाऱ्याला गावात वॉलमन म्हणतात. सरकारी भाषेत तो जलसुरक्षकही असतो, म्हणजे टीसीएल (ब्लीचिंग पावडर) घालणं, ओटी (पाण्यात क्लोरीन उरलाय का याची चाचणी) बघणं आणि वहीत लिहिणं हे सगळं त्याच्याच गळ्यात. मानधन असं, की त्यावर घर चालत नाही. म्हणून तो पाणी सोडून झालं की लोकांच्या डाळिंबाच्या बागेत कामाला जातो. हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढं लागणार आहे.

साथ पहिल्यांदा सरकारी नोंदीत दिसली नाही. शेजारच्या गावात एक खासगी दवाखाना आहे, तिथं दोन दिवसांत वस्तीवरची डझनभर माणसं सलाईन लावून आली होती. जुलाब-उलटी झाली की सलाईन, हे गणित आपल्याकडं इतकं पक्कं आहे की नुसतं ओआरएसचं पाकीट हातात ठेवणारा डॉक्टर लोकांना कामचुकार वाटतो. त्या दवाखान्यातून आरोग्य केंद्राला कळवणं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. रोगसर्वेक्षणाचा कार्यक्रम देशात २००४ पासून आहे. पण खेड्यातला रुग्ण पहिल्यांदा जातो तो खासगी दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात, आणि तिथली माणसं त्या साखळीत क्वचितच असतात. कळलं ते आशाताईंमुळं. त्या बाळंतिणीच्या घरी गेल्या होत्या, तिथं सासू आजारी, शेजारच्या घरात दोन पोरं आजारी, त्यापुढच्या घराला कुलूप कारण सगळे दवाखान्यात. त्यांनी उपकेंद्राच्या सिस्टरना फोन केला.

दुसऱ्या दिवसापासून जे व्हायला हवं ते झालं, आणि वेगानं झालं. शाळेच्या एका खोलीत ओआरएसची सोय, लहान मुलांना १४ दिवसांसाठी झिंकच्या गोळ्या, फार सुकलेल्या दोघांना ग्रामीण रुग्णालयात हलवलं. घरोघर पाहणी. टाकीत टीसीएलचा डोस दुप्पट. मेडिक्लोरच्या (घरातलं पिण्याचं पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या द्रावणाच्या) बाटल्या वाटल्या, ‘पाणी उकळून प्या’ची पत्रकं चिकटवली. पत्रकं मराठीत होती. वस्तीवरच्या निम्म्याहून जास्त घरांत कानडी बोलतात, म्हाताऱ्यांना तर तीच येते. शेवटी आशाताई दारोदार फिरून कानडीतून सांगत बसल्या आणि काम झालं. पत्रकांचा उपयोग पोरांनी विमानं करायला केला.

एवढं करूनही वस्तीवर नवे रुग्ण येत राहिले. गावठाणात जवळजवळ कुणीच नाही.

इथं खरं प्रकरण सुरू होतं. डोस दुप्पट केलाय, ओटी रोज ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेली आहे, विहीर एक, टाकी एक, मग आजार एकाच टोकाला का? पहिला संशय वस्तीवरच्या स्वच्छतेवर गेला. गरीब वस्ती असली की तो आपोआप तिकडंच जातो. पण घरांचा नकाशा काढल्यावर तो टिकेना. वस्तीवरच ज्यांची स्वतःची बोअर आहे, अशा घरांत आजारी माणूस सापडला नाही. तीच पोरं, तीच गटार, तेच उघड्यावर बसणं, फक्त पाणी वेगळं. शिवाय रुग्णांच्या तारखा पाण्याच्या दिवसाशी जुळत होत्या: पाणी आलं की दीड-दोन दिवसांनी नवे रुग्ण.

मग आम्ही तपासाला गेलेल्यांनी टीसीएलच्या पोत्यापासून शेवटच्या नळापर्यंत एकेक पायरी बघितली. चार ठिकाणी गळती निघाली, आणि पाइपची गळती त्यातली एकच.

पहिली पोत्यात. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये उपलब्ध क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. ऊन, ओल आणि हवा लागली की तो उडत जातो. २० टक्क्यांखाली गेलेली पावडर पाण्यासाठी अयोग्य धरतात. इथलं पोतं उन्हाळ्याआधी आणलेलं, पत्र्याच्या खोलीत, तोंड सुतळीनं बांधलेलं. खोलीत शिरल्यावर नाकाला झोंबायला हवं होतं. तसं काहीच झालं नाही. साधा हिशोब असा. हजार लिटरला अडीच ग्रॅम, या मापानं पन्नास हजार लिटरच्या टाकीला १२५ ग्रॅम पावडर. पावडर चांगली असेल तर लिटरला सुमारे ०.८ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. तीच पावडर १० टक्क्यांवर उतरली असेल तर मिळतो पाव मिलिग्रॅम, आणि पहिल्या पावसाचं गढूळ पाणी तेवढा टाकीतच खाऊन टाकतं. डोस दुप्पट करूनही आपण चांगल्या पावडरच्या साध्या डोसापर्यंतसुद्धा पोचत नव्हतो.

दुसरी गळती वेळेत. टीसीएलची पेस्ट करायची, पाण्यात ढवळायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळ टाकीत ओतायची आणि किमान अर्धा तास, खरं तर तासभर, पाणी तसंच ठेवायचं. शेतीच्या विजेच्या वेळापत्रकानं मोटार रात्री चालते, टाकी पहाटे भरते. वॉलमन सहाच्या जरा आधी येतो, टीसीएल ओततो आणि लगेच वॉल फिरवतो. का, विचारलं तर म्हणाला, “सायेब, सा वाजता पाणी न्हाई आलं तर बायका दारात येत्यात. आन् मला सातला बागंत जायाचं अस्तंय.” बाग चुकली तर दिवसाची मजुरी गेली. हे त्याच्या मानधनाचं गणित आहे, आळसाचं नाही.

त्यानं आणखी एक सांगितलं, जे कुठल्याही तपासणी फॉर्मात बसत नाही. डोस पुरेसा घातला की गावठाणातली मातब्बर घरं ओरडतात. पाण्याला वास मारतंय, डाळ शिजत नाही, चहा बेचव होतो. टाकीजवळच्या नळाला वास सगळ्यात जास्त येणार, हे उघड आहे. आणि वॉलमनला ठेवायचा की काढायचा, हे त्याच घरांच्या मतावर ठरतं. म्हणून तो हात राखून टीसीएल घालत होता. ज्यांना वास येत होता ते आजारी पडले नाहीत. ज्यांच्यासाठी तो वास हवा होता त्यांची तक्रार कुणी विचारलीच नव्हती.

तिसरी गळती वहीत, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन. बाटलीतल्या पाण्यात थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो, हे सगळ्यांना माहीत असतं. रंग कधी बघायचा, हे फार थोड्यांना. पहिल्या दहा सेकंदांत जो पिवळेपणा येतो तो मोकळ्या क्लोरीनचा, म्हणजे जंतू मारायला जो ताबडतोब हाताशी आहे त्याचा. बाटली तशीच पंधरा-वीस मिनिटं ठेवली तर पाण्यातल्या घाणीशी आधीच बांधला गेलेला क्लोरीनही रंग देतो. तो जंतुनाशक म्हणून फारच दुबळा. वॉलमन थेंब टाकून बाटली कट्ट्यावर ठेवायचा, दुसरा वॉल फिरवून यायचा आणि मग बघायचा. पिवळी दिसली की ‘पॉझिटिव्ह’. खोटं काही लिहीत नव्हता. जे दिसलं तेच लिहीत होता.

आणि ही बाटली भरली जायची कुठल्या नळाला? ग्रामपंचायतीच्या दारातल्या, टाकीच्या पायथ्याशी. नियम असा की ओटी टोकाच्या घरी बघायची. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन राहायला हवा, आणि तो शेवटच्या नळाला उरला तरच वाटेतल्या घाणीशी लढायला काही शिल्लक आहे असं म्हणता येतं. दीड किलोमीटर चालत जाऊन पिवळा रंग बघून परत येणं कुणाच्याच दिनक्रमात नव्हतं. तपासायला येणाराही पंचायतीतच खुर्ची टाकून वही बघणार. या गावाकडं हिरवं कार्ड होतं. पाणीस्रोताची पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी होते, लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं; पद्धत चांगली आहे, पण ती मुख्यतः विहिरीचा कठडा, परिसर, टीसीएलचा साठा, गळत्या बघते. शेवटच्या घराच्या अंगणापर्यंत तिचे पाय क्वचितच पोचतात.

चौथी गोष्ट त्या अंगणातच होती. वस्ती चढावर, दाब कमी. नळ जमिनीवर ठेवला तर पाणी चढत नाही. म्हणून प्रत्येक घरानं नळाशी दोन-अडीच फुटांचा खड्डा काढलाय आणि तोटी खड्ड्याच्या तळाशी ठेवलीय. काही ठिकाणी तोटीही नाही, नुसता पाइप, त्याला टिल्लू मोटर जोडायची आणि ओढायचं. खड्ड्यात भांडी घासल्याचं पाणी, शेळ्यांच्या लेंड्या, पहिल्या पावसाचं वाहून आलेलं सगळं साचतं. पाणी चालू असेपर्यंत दाब बाहेरच्या दिशेनं असतो. टाकीचा वॉल बंद झाला की लाइनमधलं उरलेलं पाणी खालच्या घरांकडं उतरतं, वर पोकळी होते आणि खड्ड्यातलं पाणी उलटं पाइपात ओढलं जातं. दोन-चार घरांत त्याच वेळी टिल्लू चालू असतील तर काही बघायलाच नको. सांध्यातून जे मिळेल ते ओढलं जातं, आणि ही लाइन एका ठिकाणी गटारातून जाते. मग पुढच्या पाण्याच्या दिवशी सगळ्यात आधी बाहेर पडतं ते हेच. शहरात सांगतात, सुरुवातीचं पाणी सोडून द्या. एक दिवसाआड तासभर पाणी येणाऱ्या वस्तीत पहिली घागर ओतून देणारी बाई मी अजून बघितलेली नाही.

पिण्याच्या पाण्याची भांडी बघायला आम्ही ज्या घरी बसलो होतो, तिथल्या आजी आशाताईंना कानडीतून बरंच काही बोलल्या. सारांश असा: पहिल्या चार घागरी गढूळ येतात, वास येतो, हे गेल्या वर्षीपासून सांगतोय, पंचायतीचा शिपाई म्हणतो तुमच्याच खड्ड्याची घाण आहे. शिपाई बरोबर बोलत होता, फक्त त्यातून निष्कर्ष उलटा काढत होता. या तक्रारीची नोंद कुठंही नाही. ग्रामपंचायतीच्या तक्रारवहीत गावठाणाच्या वासाच्या तक्रारी मात्र आहेत, तारखेसह.

म्हणून ‘जनजागृतीचा अभाव’ मला पटत नाही. जागृती टोकाला होती. अभाव होता तो टोकाकडून टाकीकडं जाणाऱ्या वाटेचा.

प्रयोगशाळेचं थोडक्यात. वस्तीवरच्या नळांचे पाण्याचे नमुने पिण्यास अयोग्य आले, पंचायतीच्या नळाचा योग्य. शौचाच्या नमुन्यांत काही निघालं नाही, कारण बहुतेकांनी खासगी दवाखान्यातून प्रतिजैविकं आधीच घेतली होती. जंतूचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही. अहवाल आले तोवर साथ ओसरत आली होती. नाव कळलं असतं तर बरं झालं असतं, पण पोतं बदलायला आणि वॉल वेगळा फिरवायला त्याची गरज नव्हती.

पुढं काय केलं ते सांगतो, कारण खर्च बघण्यासारखा आहे.

टीसीएल नवीन आणलं, एका वेळी थोडंच, झाकणाच्या प्लास्टिक पिंपात, पिंपावर आणल्याची तारीख. नमुना क्लोरीनच्या टक्केवारीसाठी पाठवायची सवय लावली. पैशांची अडचण आली नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायत अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता, आणि पोतंभर पावडर त्यात किरकोळ खर्च. ग्रामसेवकांनी टाकीवर आपोआप डोस देणारं यंत्र बसवायचा प्रस्ताव मांडला होता. मी विरोध केला. शेजारच्या दोन गावांत अशी यंत्रं आहेत, दोन्ही बंद, आणि बंद यंत्राच्या भरवशावर हातानं टीसीएल घालणंही थांबलंय.

पाणी सोडायची वेळ सहाऐवजी सात केली, म्हणजे टीसीएलला तास मिळतो. यावर गावात सगळ्यात जास्त भांडण झालं. वॉलमनची बाग बुडते हा मुद्दा मी लावून धरला, आणि पंचायतीनं त्याचं मानधन थोडं वाढवलं. पुरेसं नाही. पण त्याला न विचारता वेळ बदलली असती तर वहीत सात लिहिलं गेलं असतं आणि वॉल सहालाच फिरला असता.

वस्तीचा वॉल वेगळा केला आणि तो आधी सोडायचा ठरवला, टाकी भरलेली असताना, म्हणजे दाब जास्त. त्या तासाला वस्तीच्या लाइनची वीज बंद ठेवायची, जेणेकरून टिल्लू चालणार नाहीत. पिठाच्या गिरणीवाल्यानं आक्षेप घेतला, त्याचं म्हणणं रास्तही होतं; आठवड्यातले तीन-चार दिवस त्याला उशिरा गिरणी चालू करावी लागते. दाब वाढल्यावर काही घरांचे नळ खड्ड्यातून वर घेता आले, कट्टा बांधून तोटी बसवली. सगळे नाही. सगळ्यात वरच्या घरांत पाणी अजूनही खड्ड्यातच येतं, आणि खड्डा बुजवा असं त्यांना सांगायचा अधिकार आपल्याला नाही, जोवर वर पाणी पोचत नाही.

सगळ्यात स्वस्त बदल ओटीचा. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण द्यायचं असतं. इथंही दिलं होतं, कागदावर नावंही होती, पाचही गावठाणातल्या. ती यादी बदलून दोघी वस्तीवरच्या घेतल्या. शेवटच्या घरातल्या सूनबाईंकडं ओटीची बाटली ठेवली. पाणी आल्यावर दहा मिनिटांनी बाटली भरायची, थेंब टाकायचे, पांढऱ्या कागदापुढं धरून मनात दहा मोजायचे, रंग बघायचा, बाटली ओतून टाकायची. नंतरचा रंग बघायचाच नाही. पिवळं नसेल तर वॉलमनला फोन. नोंद पंचायतीच्या वहीत नाही, शाळेच्या भिंतीवरच्या फळ्यावर, सगळ्यांना दिसेल अशी.

पहिल्या काही आठवड्यांत फळ्यावर ‘नाही’ बऱ्याचदा लिहिलं गेलं. यावर पंचायतीत कुरबुर झाली की गावाची अब्रू जाते. मी म्हटलं, आधीच्या वहीत सगळं ‘पॉझिटिव्ह’ होतं तेव्हा माणसं सलाईनवर होती. हे वाक्य फार मुत्सद्दीपणाचं नव्हतं, पण फळा राहिला.

खासगी दवाखान्याचा भाग अर्धवट आहे. डॉक्टरांना जाऊन भेटलो, चहा झाला, जुलाबाचे एका वस्तीवरचे तीन रुग्ण आले की सिस्टरना फोन करायचं त्यांनी कबूल केलं. लेखी काही नाही. फोन आशाताईंच्या भावाच्या औषध दुकानातून जास्त येतात. जुलाब थांबवायच्या गोळ्यांची आणि ओआरएसची मागणी अचानक वाढली की तो बहिणीला सांगतो. कुठल्याही कार्यक्रमपत्रिकेत बसणारी ही व्यवस्था नाही आणि भाऊ-बहिणीचं जमेनासं झालं तर बंदही पडेल.

गटारातून गेलेली लाइन तशीच आहे. ती बदलायचं अंदाजपत्रक झालंय, मंजुरीच्या वाटेवर आहे. गेल्या पावसाळ्यात वस्तीवर जुलाबाचे तुरळक रुग्ण आले, साथ म्हणावी असं काही झालं नाही. एका पावसाळ्यावरून मी त्याचं श्रेय कशालाच देणार नाही. वरच्या सहा-सात घरांनी मात्र ठरवलंय की नळ खड्ड्यातून वर येईपर्यंत पाणीपट्टी भरायची नाही, आणि हा विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपुढं घ्यावा म्हणून अर्ज दिलाय. अर्ज सूनबाईंच्या अक्षरात आहे. सोबत फळ्याचे तारखेनुसार फोटो जोडलेत.